एकेक करून बाहेर यावे

विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली त्या दुपारी आमचे घरमालक वारले. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी जिन्याखालून मला हाक मारली. मी खाली आलो. आत टीव्हीवर तारखा सांगणं चालू होतं. काकूंनी कप खिडकीत ठेवला, आत जाऊन टीव्ही बंद केला आणि परत येऊन खुर्चीशेजारी पायरीवर बसल्या.

मलकापुरातल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी बरीच वर्षं भाड्यानं राहतो. कऱ्हाडच्या एका ग्रंथालयात काम करतो. एकटा आहे. मालक एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त होऊन पुष्कळ काळ लोटला तरी सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरच म्हणायची. मीही तेच म्हणत होतो.

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. घरात ते पाटणच्या पलीकडच्या आपल्या खेड्यातली भाषा बोलत. पुकारायची वेळ आली की आवाज खर्जात जाई आणि शब्द पुस्तकातल्यासारखे शुद्ध होत. पुकारायची वेळ निवृत्तीनंतरही रोज येत असे. नळाला पाणी आलं की ते अंगणात उभे राहून जाहीर करत, "लक्ष द्या. नळाचे पाणी आलेले आहे. भाडेकरूंनी आपापल्या बादल्या घेऊन खाली यावे." भाडेकरू मी एकटाच होतो.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. ज्याचं गाव जे, तेच त्याचं नाव. मी आटपाडीचा, म्हणून मी आटपाडी. माझा धाकटा भाऊ भेटायला आला की तो आटपाडी जादा. काकूंचं माहेर तासगाव, तेव्हा काकू म्हणजे तासगाव. नवराबायकोत बोलाचाली झाली आणि काकूंनी अबोला धरला की ते मला जिन्यातच सांगत, "आज तासगाव रद्द हाय. चहा वरच करून घ्या."

काकू आतून म्हणत, "ऐकू येतंय मला."

"सुटली का गाडी?" ते विचारत. आतून उत्तर येत नसे. मग ते मला म्हणत, "न्हाई अजून. डेपोतच हाय."

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की ते घरात हुकूमशहा होते. भाजी कोणती करायची हे ते ठरवत. दिवे कधी मालवायचे, टीव्हीवर काय लागायचं, सुनेनं माहेरी कुठल्या गाडीनं जायचं आणि कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसायचं, हेही त्यांचं ठरलेलं असे. मुलाच्या लग्नात वराचा फेटा त्यांनी भर मांडवात स्वतः सोडून पुन्हा बांधला होता. माझ्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट मी न विचारता दुसऱ्या भिंतीला सरकवलं, तर चार दिवस ते माझ्याशी फक्त माइकच्या भाषेत बोलले.

एका बाबतीत मात्र त्यांच्या घरात सगळे मोकळे होते. ती बाब म्हणजे मत.

आमच्याकडे मतं घराची मोजतात. कार्यकर्ते गल्लीत येतात ते कुठल्या घरात किती मतं हे बोटांवर मोजतच. मालकांच्या फाटकाशी पहिल्यांदा आलेला प्रत्येकजण तेच बोलत असे.

"कंट्रोलर, तुमच्या घरात चार मतं न्हवं?"

"घराला मत नसतंय," ते म्हणत. "घराला नंबर असतोय. तो फाटकावर लिवलाय."

मग ते उठून अंगणात उभे राहत आणि घसा साफ करत. "लक्ष द्या. प्रचारासाठी आलेली मंडळी ओसरीवर थांबलेली आहेत. मतदारांनी एकेक करून बाहेर यावे. तासगाव प्रथम. उर्वरित मतदारांनी स्वयंपाकघरात जावे."

हे गमतीनं नसे. काकू हात पुसत बाहेर येत. कार्यकर्त्यांनी त्यांना वेगळं विचारायचं, त्यांचं ऐकायचं, त्यांना सांगायचं. मग मुलगा, मग सून, मग वरून मी. शेवटी ते स्वतः. एकजण बाहेर असताना बाकीच्यांनी आत, आणि आतल्यांना बाहेरचं ऐकू येता कामा नये. एकदा ऐकू आलं होतं, त्यामुळे पुढच्या वेळेपासून मिक्सर आला. बाहेर बोलणं चालू असेपर्यंत आत मिक्सर चालू ठेवायचा. रिकामा फिरवला तर जळेल, म्हणून त्यात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट. निवडणुकीच्या दिवसांत त्या घरात शेंगदाण्याची चटणी फार होत असे. वाटीवाटीनं ती माझ्याकडे वर येई, शेजारी जाई, आणि एका पंचवार्षिकाला तर ती त्यांच्या जुन्या डेपोपर्यंत गेली. मिक्सरचा आवाज सुरू झाला की गल्लीतले लोक म्हणत, आले वाटतं मागायला.

कार्यकर्त्यांना हा प्रकार त्रासाचा वाटे. त्यांना पुढची घरं गाठायची असत. काहीजण फाटकातूनच पत्रक टाकून पळत. त्यांना ते मागून पुकारत, "विनाथांबा गाडी फलाटावर न लागता पुढे गेलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

घरातल्या कुणी कुणाला मत दिलं हे कुणी कुणाला सांगायचं नाही आणि विचारायचं नाही, हा त्यातला दुसरा नियम. मतदानाच्या दिवशी सगळे मिळून शाळेवर जात. परत येताना सगळ्यांच्या बोटांना शाई असे आणि बोलणं उन्हाबद्दल चाले.

राजकारणाबद्दल ते बोलत नसत असं नाही. पुष्कळ बोलत. फक्त कौल देत नसत. पक्ष बदलणाऱ्यांबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "डेपोत काय करतात म्हाईत हाय का आटपाडी? चिपळूणची गाडी येती. तिचा बोर्ड काढत्यात, इट्याचा लावत्यात. गाडी तीच. डायवर तोच. फुटल्याली काच तीच. आन् इट्याची माणसं पळत यून बसत्यात, आपली गाडी लागली म्हणून." मग थोडं थांबून, "पर बसावं लागतंच. चालत कोण जातंय?"

उमेदवार स्वतः आला तर ते त्याला एकच प्रश्न विचारत. निवडून आल्यावर काय करणार हे नाही. "ते छापलंय तुमच्या कागदावर. मला वाचता येतंय. पडला तर काय करणार, ते सांगा."

हा प्रश्न मी अनेकांना गप्प करताना पाहिला. आपण पडू असं कुणी दारात येऊन बोलत नाही, अशुभ मानतात. बहुतेकजण हसून म्हणत, "पडायचा विषयच न्हाई." मग मालकांचा चेहरा बंद होई आणि ते पुढच्या मतदाराला पुकारत. एक उमेदवार मात्र थोडा विचार करून म्हणाला होता, "पडलो तर सकाळी झोपीन. लय दिवस झोप न्हाई. मग दुपारी दुकान उघडीन." मालकांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याला चटणीची पुडी बांधून दिली. त्याला मत दिलं की नाही, ते मात्र देव जाणे. तो पडला. दुसऱ्या दिवशी मालक मला बरोबर घेऊन त्याच्या दुकानावरून दुपारचे चालत गेले. दुकान उघडं होतं. त्यांनी आत जाऊन खिळे घेतले. घरात खिळ्यांची गरज नव्हती.

त्यांना खरोखर चिडलेलं मी एकदाच पाहिलं, तेही असंच निवडणुकीत. ओगलेवाडीचा एक तरुण कार्यकर्ता आला होता. मालकांच्या भाषेत ओगलेवाडी. बोलका आणि हसरा मुलगा. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि काकूंपुढे उघडली. आत भंडारा होता.

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन माणूस जो शब्द देतो, तो मोडत नाही. देवळात तंटे मिटवायची ही रीत मतं बांधायला कधी वापरात आली, ते मला ठाऊक नाही. उघड कुणी करत नाही, पण अजून होतं.

काकू हात पुढे करू की नको अशा उभ्या होत्या. मिक्सर चालू होता, पण मालकांनी स्वयंपाकघराच्या दारातून ती पिवळी पुडी पाहिली असावी. ते बाहेर आले. त्यांनी पुडी घेतली, चिमूटभर भंडारा बोटावर घेतला आणि ओगलेवाडीच्या कपाळाला लावला.

"आता तू शब्द दे," ते म्हणाले. "आमचा माणूस पडला तरी म्या ह्या गल्लीत यून तासगावच्या पाया पडीन, असं म्हण."

"आवं कंट्रोलर, काय चेष्टा करताय!"

"म्हण की. हळद कपाळाला हाय तुज्या."

तो हसत होता. मग हसायचा थांबला. त्याला ते म्हणता येईना. "उशीर होतोय," असं पुटपुटत तो फाटकाबाहेर पडला आणि कपाळावरच्या हळदीसकट गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सगळे पाहत होते. त्या दिवशी मालकांनी बाकीच्या मतदारांना पुकारलं नाही. संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिले.

त्या रागाचं कारण मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या गावच्या घराचे पत्रे उडाले होते, ते बघायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. पाटणला गाडी बदलून आम्ही पोचलो. गावातली शाळा रस्त्यालाच आहे. तिच्या फाटकाशी ते थांबले.

"हितं उभा ऱ्हायचो मी," ते म्हणाले. "आई होती तवर माझं मत गावातच ठेवलं होतं. तिला घिऊन यायचो. हितवर. पुढं ती एकटी जायाची. लोक म्हणायचे, आवं, म्हातारीला धरून आत न्या की. म्या म्हणायचो, तिला दिसतंय."

मग त्यांनी पत्र्यांकडे जायच्या आधी, तिथंच उभं राहून, ती गोष्ट सांगितली.

ते लहान होते तेव्हा त्यांचा मामा पंचायत समितीला उभा राहिला. मामाचं गाव शेजारचं. मालकांच्या वडिलांची भावकी दुसऱ्या बाजूला होती. निवडणुकीआधी भावकीनं सगळ्यांना भैरोबाच्या देवळात नेलं आणि घरातल्या बायामाणसांना भंडारा उचलायला लावला. आईनंही उचलला. सख्ख्या भावाच्या विरोधात.

मामा पडला. त्या दिवाळीत आई भाऊबिजेला माहेरी गेली, बरोबर हे होते. मामा उंबऱ्यातच उभा होता. आईच्या हातात ओवाळायचं ताट होतं. मामा म्हणाला, "भंडारा उचललास न्हवं? मग ताट कशापायी आणलंस?"

"तिथनंच मागं फिरलो आमी," मालक म्हणाले. "परत कवा गेली न्हाई ती. मामा वारला तवा सुदिक दुरूनच बघितलं."

मी विचारलं, "पण त्यांनी मत कुणाला दिलं होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी फोडलं असावं तसं. "हेच," ते म्हणाले. "भंडारा उचलताना समद्यांनी बघितलं. पेटीत काय टाकलं ते कुणी बघितलंय? तिनं भावालाच दिलं असंल. मामानं इचारलं न्हाई. बानं इचारलं न्हाई. म्याबी न्हाई."

"तुम्ही का नाही?"

"इचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. मामाला दिलं म्हणली तर देवाला खोटी. न्हाई दिलं म्हणली तर भावाला. कशाला तिला बोलवायचं त्यातलं एक? तिचं हाय ते. तिनं ऱ्हाऊ दिलं तिच्यापाशी." मग ते एकदम माइकच्या आवाजात म्हणाले, "पत्र्यांकडे जाणाऱ्यांनी चालू लागावे," आणि पुढे निघाले.

मी हे कुणाला सांगितलं नाही. मालक असेपर्यंत ते सांगायचं माझं काम नव्हतं.

काकूंना मात्र या नियमाबद्दल वेगळंच वाटत असे. एकदा अंगणात शेंगा फोडत बसल्या असताना त्या मला म्हणाल्या, "भाजी कंची करायची ते ह्यांनी सांगायचं, आन् राज्य कुणी करायचं ते मी ठरवायचं. बगा आता. उलटाच कारभार हाय आमच्यात."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या.

"खरं सांगू का, मला लय वाटायचं ह्यास्नी इचारावं. तुमाला कोण बरा वाटतोय म्हणून. नुसतं बोलायला. भाजीचं बोलतो तसं. एकदा इचारलं, तर उठून रेडिओ लावला." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले. "एकटं एकटं वाटतं वो, त्या पडद्यामागं."

हे मी मालकांना कधी बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं, याचा अंदाज मला करता येत नाही.

ते गेल्यानंतर पहिल्या आठवड्यातच दोन्ही उमेदवार भेटायला आले. वेगवेगळ्या दिवशी. दोघांनीही चपला बाहेर काढल्या, हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडले आणि खाली बसले. दोघांबरोबरची माणसं फाटकाशी उभी राहून घरात माणसं किती हे बघत होती. दोघांनाही चहा दिला गेला. ते निघून गेल्यावर काकू म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी आले का आमच्यासाठी, काय उमगलं न्हाई." मग म्हणाल्या, "ह्यांनी त्यास्नी इचारलं असतं." काय विचारलं असतं हे त्यांनी सांगितलं नाही, मला ते ठाऊक होतं.

मीही याच मतदारसंघातला मतदार आहे, तेव्हा या निवडणुकीबद्दल मला काय वाटतं ते इथं लिहायला हरकत नाही. माझ्या मनात फारसा उत्साह नाही, तसा वैतागही नाही. एक उमेदवार कारखान्याच्या घराण्यातला आहे. दुसरा परवापरवापर्यंत त्याच घराण्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसत होता. दोघांच्या जाहीरनाम्यांत हमरस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या सेवारस्त्याचं काम आहे, आणि तो रस्ता दर पावसाळ्यात तुंबतो. दोघांना तरुणांसाठी इथंच कारखाने आणायचे आहेत, आणि ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं एकेक करून पुण्याला जात आहेत. मोठ्या पडद्याची प्रचारगाडी रोज आमच्या गल्लीत येते आणि वळता येत नाही म्हणून गाणं चालू ठेवूनच मागे मागे जाते. मला दोघांपैकी एक थोडा बरा वाटतो. कारण लहान आहे. मागे एकदा तो पडला होता, तेव्हाही लोकांच्या दहाव्या-तेराव्याला दिसायचा. मालकांच्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मला यावेळी मिळालं आहे. मी मत देणार आहे. कुणाला, ते मात्र त्यांच्या घरात राहून लिहिणं बरं नव्हे.

खरा प्रश्न खालच्या मजल्यावर होता.

मालकांचा मुलगा इथल्याच एका संस्थेच्या शाळेत शिकवतो. बरीच वर्षं शिकवतो, पण त्याची नेमणूक अजून कायम नाही. संस्था एका उमेदवाराच्या नात्यातली आहे. यंदा कायम करतो, असं त्याला सांगण्यात आलं होतं. सांगणारा होता ओगलेवाडी. तो आता तरुण राहिलेला नाही, अंगानं भरला आहे, गाडीतून येतो. वडील होते तोवर मुलगा कुणालाच काही कबूल करू शकला नव्हता. आता त्यानं सांगून टाकलं होतं, की आमच्या घरातली सगळी मतं आपलीच. मला त्याचा राग येत नाही. त्याला लहान मुलगी आहे, आणि त्याच्या बरोबरीचे लोक कधीच कायम झाले आहेत.

गेल्या रविवारी सकाळी मी खाली उतरत होतो. काकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी मालकांची खुर्ची रिकामी होती. ओगलेवाडी आणि मुलगा फाटकातून आत आले.

"काकू," ओगलेवाडी म्हणाला, "कंट्रोलर गेले, गल्लीतला आवाजच गेला बगा."

"व्हय."

"म्हटलं, जाता जाता भेटावं. आता आपलं ठरलंच हाय, तरीबी."

"काय ठरलंय?"

मुलगा म्हणाला, "आई, मी सांगितलंय त्यांना. आपल्या घरातली सगळी मतं."

"सगळी म्हंजे कुणाकुणाची?"

ओगलेवाडी हसला. मग त्यानं खिशातून पुडी काढली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. पुडी तशीच होती, कागदाची.

"पालच्या खंडोबाचा हाय, काकू. काय म्हणायचं न्हाई, काय बोलायचं न्हाई. नुसतं बोट लावा. तुमच्या पोराचं काम हाय ह्यात. साहेबांनी सांगितलंय, म्हातारीनं हात लावला की समजायचं."

काकूंनी पुडीकडे पाहिलं. मग मुलाकडे. त्याची मान खाली होती.

"एवढं एकदाच, आई," तो म्हणाला.

काकूंनी पदरावरची फोलपटं झाडली आणि उठल्या. त्यांचा हात पुडीकडे गेला तेव्हा मला वाटलं, झालं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, कागदाच्या घड्या नीट मिटल्या आणि ओगलेवाडीच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवली.

"देवाचं हाय," त्या म्हणाल्या. "वाटंत सांडू नका."

मग मुलाकडे वळल्या. "तू आत जा."

"आई..."

"आत जा. आन् मिक्सर लाव. दाणं भाजून ठेवल्यात."

मुलगा हलला नाही. त्याच्या तोंडावर राग होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं. तेवढ्यात सून दारात आली. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. मिक्सर सुरू झाला. थोड्या वेळानं मुलगाही तिच्यामागे आत गेला.

काकूंची नजर माझ्याकडे आली.

"आटपाडी," त्या म्हणाल्या, "तुमीबी वर जा."

मला त्या नावानं त्यांनी पहिल्यांदाच हाक मारली होती. एरवी त्या मला भावजी म्हणतात. मी वर गेलो.

खिडकीतून ओसरी दिसते, पण मिक्सर चालू असला की ऐकू काही येत नाही. काकूंनी मालकांची खुर्ची ओगलेवाडीपुढे सरकवली. तो बसला नाही. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या. थोडंसंच. त्यानं फाटकाकडे पाहिलं. मग एकदा कपाळावरून हात फिरवला आणि काहीतरी उत्तर दिलं. काकूंनी मान हलवली. तो फाटकाबाहेर गेला आणि गाडीत बसला.

संध्याकाळी काकू चटणीची वाटी घेऊन वर आल्या. मी वाटी घेतली. त्या दारात थांबल्या. मला वाटलं, त्यांना बोलायचं असावं, म्हणून मी खुर्ची पुढे केली.

"बसत न्हाई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यो अजून पाया पडला न्हाई माज्या. ह्यांनी सांगितल्यालं हाय त्याला." आणि हसल्या. मालक गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. जिन्यातून उतरता उतरता त्या म्हणाल्या, "तिखट जरा जास्ती पडलंय. सूनबाईच्या हातचं हाय."

मतदान पुढच्या आठवड्यात आहे. मुलगा अजून कायम झालेला नाही आणि होईल की नाही ते कुणी सांगत नाही. तो आईशी जेवणापुरतं बोलतो. नळाला पाणी आलं की आता कुणी पुकारत नाही, मी आवाजावरून ओळखून खाली जातो. खुर्ची ओसरीवर आहे. काकू कुणाला मत देणार ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. चटणी अर्धी वाटी शिल्लक आहे.